सागाच्या पानगळीतली शर्यत

माघ संपत आला की नागपूरच्या मनीषनगरातल्या आमच्या घराच्या कुंपणालगतचा साग पानं टाकायला लागतो. सागाचं पान इतर झाडांच्या पानांसारखं अलगद गळत नाही. ते आधी फांदीवर खडखडतं, मग खालच्या फांद्यांवर आपटत येतं आणि फरशीवर पडलं की कोणी चप्पल टाकावी तसा आवाज होतो. सकाळी झाडणारी बाई खराट्यानं ती सुपाएवढाली पानं ओढत नेते. वाळलेलं वाळलेल्यावर घासत जातं. तेवढा वेळ मी खिडकी लावून घेतो. बायकोनं पहिली काही वर्षं विचारलं, "काहून हो? हवा त छान येऊन राहिली." आता ती विचारत नाही. खराट्याचा आवाज आला की स्वतःच उठून लावते.

तो आवाज माझ्या कानात चाकाखालून येतो.

सत्तरचं दशक संपायला आलं होतं. आम्ही इतवारीच्या मागच्या वस्तीत राहायचो. वडील मिलमध्ये, मी फिटरचं काम शिकत होतो. आजोबांनी आणि वडिलांनी बुद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी आईच्या पोटात होतो, असं आई सांगायची आणि ते सांगताना हमखास पदर सावरायची. घरात मी पहिला, ज्याच्याकडे स्वतःची सायकल होती. काळी, जाड नळ्यांची, उचलायला दोन हात लागायचे अशी. मडगार्ड, कॅरिअर, घंटी, स्टँड, चेनकव्हर, जे जे निघेल ते ते मी काढून टाकलं होतं. डोंगरात चालवायची वेगळी सायकल असते हे आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं. ज्या सायकलीवर दळण आणायचं तिच्यावरच टेकडी चढायची.

दौलतची आणि माझी ओळख गुलाबराव मिस्त्रींच्या दुकानात झाली. इतवारीत भांड्यांच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. दोघांचंही पुढचं चाक आउट झालं होतं, म्हणजे वाकडं फिरत होतं, आणि दोघांनाही ते का वाकडं झालं हे सांगायचं नव्हतं. गुलाबरावांनी दोन्ही चाकं शेजारी टांगली, फिरवली आणि म्हणाले, "एकाच दगडावर आपटली काय बे दोघंही?" खरंच तसं होतं. तेलंगखेडीच्या पलीकडच्या टेकडीवर, उतारावर एक मोठा धोंडा होता. मी आदल्या दिवशी त्याच्यावर आपटलो होतो, दौलत त्याच्याही आदल्या दिवशी.

दौलत काटोलकडच्या एका गावचा. घरी संत्र्याचा बगीचा. शिकायला म्हणून नागपुरात आला होता आणि नंदनवनाकडे खोली करून राहत होता. तिकडे तेव्हा घरं कमी आणि वावरं जास्त होती. उंच, हाडापेरानं मोठा, बोलायला संथ. आमच्या घरी पहिल्यांदा आला त्याच दिवशी चुलीपाशी बसून, आईनं वाढायच्या आधी, टोपल्यातली भाकर त्यानं स्वतःच्या हातानं घेतली. त्या काळी गावाकडच्या पोरांपैकी किती जण आमच्या घरी पाणी तरी प्यायचे हे आम्हाला ठाऊक होतं. तेव्हापासून दौलत आला की आई वांग्याच्या भाजीत तेल जास्त टाकायची.

टेकडीवर दर फाल्गुनात सायकलवाल्या पोरांची शर्यत व्हायची. कोणी मोठं माणूस तिच्यामागे नव्हतं. पोरांनीच वर्गणी काढायची, चुन्याच्या फक्क्या मारायच्या आणि तीस-चाळीस जणांनी एका सकाळी सुटायचं. पायथ्यापासून मुरमाचा चढ, वर माळ, मग सागाच्या झाडोऱ्यातून खाली कोरड्या नाल्यापर्यंत उतार आणि वळसा घालून पुन्हा पायथा. असे तीन फेरे. फक्क्या दूरदूर होत्या. दोन फक्क्यांच्या मध्ये कोणी कुठून जावं याला बंधन नव्हतं.

त्या ऋतूतल्या सकाळी आठवतात. हँडल इतकं गार असायचं की आम्ही हातांना जुने मोजे घालायचो. पळस नुकता पेटायला लागलेला. रायमुनियाच्या, म्हणजे घाणेरीच्या, झुडपांतून जाताना तिचा तो उग्र वास पोटऱ्यांना चिकटून घरापर्यंत यायचा. चढावर दौलतचा श्वास माझ्या पुढे ऐकू यायचा, एका लयीत, रहाटासारखा. माझा श्वास वेडावाकडा. मी उतारावर बरा होतो, तो चढावर. त्याच्याकडून मी चढायला शिकलो. पडायला आम्ही गुलाबरावांकडून शिकलो. ते तरुणपणी कुस्ती खेळलेले. म्हणायचे, "पडतानी हात नोको टाकू. हात टाकला का हाड गेलं. खांदा दे, गोल हो अन् जमिनीले अंग देऊन दे." आम्ही वाळूत सायकलवरून उड्या टाकून ते शिकलो. पडलो तर लगेच एक हात वर करायचा, तळवा पुढे, वाटेच्या दिशेनं करायचा. म्हणजे मी ठीक आहे, तू जा. ही आमची दोघांची खूण होती.

पहिल्या वर्षीच्या शर्यतीत मी दुसऱ्याच फेऱ्यात पडलो. शिकलेलं सगळं विसरून हात टाकला. गळ्याखालचं हसळीचं हाड मोडलं तेव्हा सुकी काडी मोडावी तसा आवाज मी स्वतः ऐकला. दौलत तेव्हा तिसरा होता, पुढच्या दोघांच्या अगदी मागे. तो थांबला. मी दुसरा हात वर केला होता, जा म्हणून. त्यानं तो पाहिला आणि तरीही सायकलवरून उतरला. खांद्यावरचा दुपट्टा काढून माझा हात गळ्यात बांधला आणि मला पाठीवर घेऊन खाली आला. दोन्ही सायकली तिथेच टाकून.

"तुझी रेस गेली ना," मी रडत म्हणालो.

"रेस काय गा, पुढच्या सालीही येते."

पुढच्या साली ती आली.

त्या वर्षभरात आम्ही एक वाट शोधून काढली होती. मोठ्या धोंड्याच्या उजवीकडून सगळे जायचे. डावीकडून, सागांच्या मधून, एक अरुंद घसरण होती. तिथून उतरलं तर मोठा वळसा वाचायचा. पानगळीत ती वाट दिसायची नाही, पानांचा खच असायचा. खाली कुठे दगड, कुठे मूळ, हे आम्हा दोघांनाच पाठ होतं. इतर कोणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं.

शेवटच्या फेऱ्यात दौलत पहिला होता, मी दुसरा. माळावर त्याची पाठ मला दिसत होती. तो डावीकडे वळला आणि सागांत शिरला. थोड्या वेळानं मी शिरलो. चाकांखाली पानांचा तो करकराट सुरू झाला. मग घसरणीच्या अर्ध्यावर मला तो दिसला. वाटेच्या कडेला, नाल्याच्या काठाशी, पानांत पालथा. सायकल त्याच्यापासून दूर, तिचं मागचं चाक अजून फिरत होतं.

मी त्याच्या बाजूनं गेलो. इतक्या जवळून की हात लांब केला असता तर त्याच्या शर्टाला लागला असता. त्यानं हात वर केला होता, तळवा पुढे. ते मी पाहिलं आणि पायडल मारलं.

पहिला आलो. पोरांनी उचललं. कोणीतरी झेंडूचा हार घातला. बक्षीस म्हणून वर्गणीतून इतवारीतला स्टीलचा गंज आणला होता, दूध तापवायचा, चांगला चार शेराचा. तो हातात घेऊन मी पायथ्याशी उभा राहिलो आणि टेकडीकडे पाहत राहिलो. दुसरा आला, तिसरा आला, दहावा आला. कोणी विचारलं, "दौलत कुठी राहिला?" मी म्हणालो, "येईल." एवढंच. मी त्याला पाहिलं असं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, आणि गळ्यातला हार तेव्हा ओला होता.

शेवटचा गडी आला, तरी दौलत नाही. मग सगळे शोधायला निघाले. मीही निघालो. तो कुठे आहे हे मला ठाऊक होतं आणि तरी मी त्यांच्याबरोबर आधी उजवीकडच्या वाटेनं गेलो. "दौलत, ए दौलत" अशा हाका मारत. सगळ्यांत मोठ्या आवाजात मीच हाका मारत होतो. थोडं वर गेल्यावर, जणू आत्ताच सुचलं, असं करून मी डावीकडे वळलो. सगळ्यांच्या आधी त्याच्यापाशी मीच पोहोचलो. तो शुद्धीवर आला होता. ओठ पांढरे पडले होते. माझ्याकडे पाहून म्हणाला, "आला काय गा."

त्याला बाजेवर घालून खाली आणताना कोणीतरी म्हणालं, दोस्त असावा त असा.

खुब्याचं हाड मोडलं होतं, डावा हातही. दवाखान्यात पायाला वजन टांगून तो कित्येक आठवडे पडून होता. बाहेरचे साग पूर्ण उघडे झाले, मग ऊन तापलं, तरी तो तिथेच. मी रोज जायचो. त्याला मी शेव-चिवडा न्यायचो, वर्तमानपत्र वाचून दाखवायचो, त्याची नखं कापायचो. डॉक्टरांना एक गोष्ट मात्र मी कधी विचारली नाही. तो तासभर तसाच पडून राहिला नसता तर काही फरक पडला असता का? उत्तर 'नाही' असं आलं असतं तर सुटलो असतो. 'हो' असं आलं असतं तर? म्हणून विचारलंच नाही, आणि म्हणून ते आजही तसंच आहे.

पाय दोन बोटं आखूड झाला. शिक्षण सोडून तो गावी गेला आणि बगीचा पाहू लागला. सायकलवर तो पुन्हा बसला नाही. मीही नाही. लोकांना वाटलं, दोस्ताच्या दुःखानं यानं सोडली.

तो गंज आईनं वापरायला काढला. रोज संध्याकाळी त्यात दूध तापायचं. मी चहा कोरा प्यायला लागलो. आईला सांगितलं, दूध पचत नाही.

माणूस स्वतःला वाचवण्यासाठी काय काय करतो! मला फक्त एका गोष्टीचा आधार होता, त्या वर केलेल्या हाताचा. त्यानं खूण केली होती. आमची ठरलेली खूण होती. त्यानं जा म्हटलं, मी गेलो. रात्री कूस बदलताना, कारखान्यात मशीनवर, स्वतःच्या लग्नात अंगावर फुलं पडताना, मी तो हात पुन्हा पुन्हा पाहिला. कधी तो स्पष्ट दिसायचा, बोटांसकट. कधी वाटायचं, तळवा पुढे नव्हता, माझ्याकडे होता. म्हणजे तो थांब म्हणत होता का? अकरा वर्षं मी त्या एका हाताशी भांडत राहिलो.

आणि दौलत अकरा वर्षं सगळ्यांना सांगत राहिला की यानं मला वाचवलं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. फाल्गुन लागायचा होता. संत्र्याच्या मृग बहाराची तोड चालू होती म्हणून त्यानं बोलावलं आणि मी गेलो. बगीच्यात झाडाखाली संत्र्यांचे ढीग, गवताचा आणि सालीच्या तेलाचा वास. त्याचा साळा आला होता. माझी ओळख करून देताना दौलतनं त्याच्या संथ आवाजात सगळी कहाणी सांगितली. सगळे उजवीकडं पाहून राहिले होते, हाच एकटा डावीकडं आला. "हा नसता आला त मी तिथंच सरलो असतो." साळ्यानं उठून माझे दोन्ही हात धरले. ते हात मी कुठे ठेवू ते मला कळेना.

साळा गेल्यावर आम्ही दोघंच राहिलो. दौलत बसून संत्र्यांची देठं कापत होता. माझ्याकडून आपोआप बोललं गेलं. इतकी वर्षं तोंडात धरलेलं होतं.

"दौलत, तू हात वर केला होता ना? तेव्हा, उतारावर?"

"कोणता हात?"

"पडल्यावर. जा म्हणून."

त्यानं कात्री खाली ठेवली. आठवून पाहिल्यासारखं केलं. "उजवा त माह्या अंगाखाली दबून होता. डावा हा इथून मोडला होता. हात कोणी वर केला, गा?" आणि मग, माझ्याकडे न पाहता, "शुद्धच नव्हती मले. उठलो तवा तुझीच हाक ऐकू आली."

त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू चालत येत होतं.

"तू त मोठ्या वाटेनं गेला ना?" तो म्हणाला.

"नाही."

"माह्या मागून आला?"

"हो."

"पाह्यलं मले?"

"पाहिलं."

लांब कुठेतरी तोडणाऱ्या बाया एकमेकींना हाका मारत होत्या. त्याची बायको सुमन चहा घेऊन आली. आमच्याकडे पाहिलं आणि पेले खाली ठेवून परत गेली.

"काहून नाही थांबला?"

"जिंकायचं होतं मला."

हे वाक्य मी त्याआधी कधी मनातल्या मनातसुद्धा पूर्ण बोललो नव्हतो. ते इतकं लहान निघालं.

त्यानं देठ न कापलेलं एक संत्रं उचललं आणि परत ढिगात ठेवलं. मग म्हणाला, "तवाच सांगतलं असतं त तुले शिव्या देल्या असत्या. वर्षभर तोंड नसतं पाह्यलं. मंग झालं असतं. आता काय करू मी याचं?"

मी संध्याकाळच्या एस.टी.नं परत आलो. मला वाटायचं, कधी सांगितलं तर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. माझ्याजवळचं ओझं कमी न होता त्याच्याकडे मात्र एक नवं गेलं होतं.

आठ दिवसांनी सकाळी दार वाजलं. दौलत उभा होता, हातात काठी. सगळ्यात पहिल्या एस.टी.नं आला असावा. आईनं "ये रे बाप्पा" म्हणत पाणी दिलं. तो उभ्यानंच प्यायला आणि मला म्हणाला, "चाल. टेकडीवर जाऊ."

पायथ्यापर्यंत रिक्षा केली. पुढे चालत. चढावर त्याला फार वेळ लागला. आधार द्यायला मी हात पुढे केला तेव्हा त्यानं काठी त्या बाजूला घेतली. धोंडा तसाच होता. डावीकडच्या वाटेवर रायमुनिया वाढली होती, तरी कळत होती. नाल्याच्या काठापाशी आल्यावर तो थांबला, आजूबाजूला पाहिलं, काठीनं जागा टोकरली.

"इथं ना?"

"इथंच."

तो खाली बसला, आखूड पाय लांब करून, आणि मग आडवा झाला. पालथा. शर्ट खराब होईल असं काही तरी माझ्या तोंडात आलं आणि मी ते गिळलं.

"तुले मी पहिल्यांदा कुठून दिसलो?"

मी वर बोट दाखवलं.

"तिथं जाय. अन् ये."

मी वर गेलो. एका तिरप्या सागापाशी वाट वाकते, तिथे उभा राहिलो. तिथून तो पूर्ण दिसत होता. त्याची मान, शर्टाची कॉलर, चपलेचा निघालेला अंगठा. हात दोन्ही खालीच होते. मी उतरायला लागलो. तेव्हा मला एक गोष्ट कळत गेली. अकरा वर्षं मी स्वतःशी म्हणत होतो की मला तो क्षणभर दिसला, डोळ्याची पापणी लवते तेवढाच, विचार करायला सवडच नव्हती. आता मी पावलं मोजत होतो, मोजायचं ठरवलं नव्हतं तरी. दहा. वीस. तो दिसतच होता. तीस. मध्ये एकही झाड आड येत नव्हतं. त्याच्यापाशी पोहोचलो तेव्हा बेचाळीस झाली होती.

मी थांबलो. हात पुढे केला. त्यानं तो धरला नाही. काठी रोवून, कण्हत, आपला आपण उठून बसला. गुडघ्याची माती झटकली. माझ्याकडे पाहिलं.

"बेचाळीस पावलं आहेत," मी म्हणालो. "मला वाटलं होतं, कमी असतील."

त्यानं वरच्या सागापर्यंत नजर नेली आणि परत आणली.

"तेवढं अंतर सायकलवर लवकर सरते, गा," तो म्हणाला.